गाळ कुठं बसतो

छत्रपती संभाजीनगरहून अहिल्यानगरकडे निघालं की गंगापूर तालुक्याच्या टोकाला कायगाव टोक्याचा पूल लागतो. खाली गोदावरी, तिला येऊन मिळणारी प्रवरा, पलीकडच्या काठाला नेवासा तालुका. जायकवाडी धरण इथून बरंच खाली, पैठणला. पण पावसाळा चांगला झाला की त्याच्या जलाशयाचा, म्हणजे नाथसागराचा, फुगवटा इथपर्यंत चढतो. दिवाळीनंतर ते पाणी हळूहळू मागे सरकतं आणि काळा चिकट गाळ उघडा पडतो. त्यावर लोक हरभरा घेतात, गहू घेतात, चारा करतात, काकडी-टरबूज लावतात. हीच गाळपेर.

समुद्र इथून सह्याद्रीपलीकडे. तरीही भरती-ओहोटीच्या चिखलपट्ट्या वर्षानुवर्षं आकार कसा बदलतात याचं जे गणित आज संगणकावर मांडलं जातं, ते या गाळपेरीला लागू पडतं आणि पुढे जाऊन मराठवाड्याच्या पाण्याच्या हिशेबाला भिडतं, अशी माझी धारणा आहे. म्हणून हा संवाद. मामा कायगावच्या बाजूला गाळपेर करतात. घरची मूळ जमीन धरणात गेली. भाची पुण्यात राहून खाड्यांच्या चिखलाची गणिती मॉडेलं करते. दोघंही या लेखापुरती योजलेली माणसं आहेत. त्यांच्यातला वाद मात्र खरा आहे, आणि तो मिटवण्याची मला घाई नाही.

मामा : तू करतेस तरी काय नेमकं? चिखल कॉम्प्युटरात घालतात कसा?

भाची : चिखलाचा हिशेब घालतो, मामा. ठाण्याच्या खाडीत, शिवडीकडे, ओहोटी लागली की लांबवर चिखल उघडा पडतो. उधाणाला तिथं पाणी चार-पाच मीटर चढतं-उतरतं, दर साडेबारा तासांनी. प्रत्येक भरती थोडा गाळ आणते, प्रत्येक ओहोटी थोडा नेते. आणलेल्या आणि नेलेल्या गाळातला फरक इतका बारीक की दिवसाला डोळ्यांना काहीच दिसत नाही. वीस वर्षांनी मात्र जिथून होडी जायची तिथं तिवरं वाढलेली असतात. हा वीस वर्षांचा फरक आधी काढायचा, हे माझं काम.

मामा : आणि तो लागतो कुणाला?

भाची : बंदराला लागतो. जहाजाच्या वाटेतला गाळ किती उपसावा लागेल, हे आधी कळलं पाहिजे. पूल बांधणाऱ्याला लागतो. २०२४ साली सुरू झालेला अटल सेतू शिवडीच्या चिखलावरूनच निघतो. पक्ष्यांचा अभ्यास करणाऱ्यालाही लागतो, कारण फ्लेमिंगो खोल पाण्यात चरत नाही आणि सुक्या जमिनीवरही चरत नाही. खडकवासल्याला केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आहे, १९१६ पासूनचं. तिथं बंदरांच्या, खाड्यांच्या छोट्या प्रतिकृती बांधून त्यात पाणी सोडून बघायचे. आता तोच अभ्यास संगणकावरही होतो.

मामा : फ्लेमिंगो नाथसागरावरपण उतरतात. बरं, हिशेब मांडता कसा ते सांग.

भाची : खाडीच्या नकाशाचे बारीक चौकोन पाडायचे. प्रत्येक चौकोनात पाणी किती खोल, कुठल्या दिशेनं किती वेगानं चाललंय, त्यात गाळ किती तरंगतोय, तळाला किती बसलाय, हे सगळं लिहायचं. मग घड्याळ काही सेकंद पुढं ढकलायचं आणि सगळ्या चौकोनांचा हिशेब नव्यानं करायचा. या चौकोनात जेवढी माती आली तेवढी शेजारच्यातून कमी झालीच पाहिजे. पाण्याचा जमाखर्च जुळला पाहिजे, मातीचाही जुळला पाहिजे. मातीच्या या जमाखर्चाचं समीकरण फेलिक्स एक्सनर नावाच्या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञानं १९२० च्या दशकात मांडलं. तळ किती चढला, किती खचला, ते त्यातून निघतं.

मामा : जमाखर्च कळला. माती बसते कधी आणि उठते कधी, ते कोण ठरवतं?

भाची : त्याचे दोन नियम. चिकणमातीचा सुटा कण मिलिमीटरच्या पाचशेव्या भागाएवढा असतो. अगदी स्थिर पाण्यात एक मीटर खाली जायला त्याला तीन दिवस लागतात. खाडीत पाणी तीन तासही स्वस्थ नसतं, म्हणजे तो बसायलाच नको. पण खाऱ्या पाण्यात हे कण एकमेकांना चिकटतात, त्यांचे पुंजके होतात, आणि पुंजका तेवढंच अंतर तासा-दोन तासांत उतरतो. भरती संपून ओहोटी लागायच्या आधी पाणी थोडा वेळ थबकतं. तेवढ्यात तो तळ गाठतो. आता उठण्याचा नियम. वाहतं पाणी तळाला घासतं. तो जोर एका मर्यादेपुढं गेला की चिखल सुटायला लागतो, आणि जितका पुढं जाईल तितका जास्त सुटतो. पार्थेनिएड्स यांनी १९६५ साली मांडलेला हा नियम आजही बहुतेक मॉडेलांत आहे.

मामा : कोणत्या चिखलाची मर्यादा?

भाची : म्हणजे?

मामा : पाणी काल हटलं त्या चिखलात पाय टाकला तर गुडघ्यापर्यंत जातो. काही दिवसांनी वाफसा येतो, त्याच जागी पाभर चालते. महिना-दीड महिना गेला की हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि ढेकूळ कुदळीनं फुटत नाही. तिन्ही वेळा माती तीच. पहिला चिखल तांब्याभर पाण्यानं वाहून जातो. तिसऱ्यावरून लोंढा गेला तरी ढेकूळ जागचं हलत नाही, उलट भेगांत नवा गाळ भरतो. तुझ्या चौकोनात तू यातला कुठला आकडा घालतेस?

या एका प्रश्नात सगळ्या विषयाची अडचण आहे. वाळूचा कण दहा वर्षं एका जागी पडून राहिला तरी वाळूचाच कण राहतो. किती वेगाच्या पाण्यानं तो हलेल हे त्याच्या आकारमानावरून सांगता येतं. चिखलाचं बळ त्याच्या वयावर अवलंबून असतं. तो किती दिवस दाबला गेला, किती उन्हात वाळला, त्यात कुठलं शेवाळ वाढलं, किड्यांनी किती बिळं केली, यावर ते बदलत जातं. चिखलाचं मॉडेल करणाऱ्याला म्हणूनच चिखलाचा इतिहास लागतो, आणि हा इतिहास फार कमी ठिकाणी कुणी लिहून ठेवलेला असतो.

भाची : हाच आमचा सगळ्यात अवघड आकडा आहे. ताज्या चिखलाच्या एका घनमीटरात कोरडी माती जेमतेम दोन-तीनशे किलो, बाकी पाणी. दाबून, वाळून घट्ट झाला की हजार-बाराशे किलोपर्यंत जाते. सुटायची मर्यादा दहापटही वाढते. म्हणून आम्ही तळाचे थर करतो, वर ताजा, खाली जुना, आणि प्रत्येक थराचं वय सांभाळतो. पण काळी माती महिनाभर उन्हात वाळून भेगाळली आणि मग एकदम पुराखाली आली तर काय होतं, हे माझ्या मॉडेलात नाही. खाडीचा चिखल इतका वेळ कोरडा राहतच नाही.

मामा : मग जो आकडा घालतेस तो आणतेस कुठून?

भाची : काही नमुने प्रयोगशाळेत तपासून. काही जुळवून.

मामा : जुळवून?

भाची : मागच्या दहा वर्षांत तळ कसा बदलला हे मोजलेलं असतं. मॉडेल दहा वर्षं मागं न्यायचं, तिथून चालवायचं, आजचा तळ निघतो का बघायचं. नाही निघाला तर आकडे थोडे खालीवर करायचे.

मामा : निघेपर्यंत?

भाची : निघेपर्यंत.

मामा : मग याला मी अंदाज म्हणणार नाही. उत्तर समोर ठेवून गणित कुणीही सोडवतं.

भाची : हे मान्य आहे. बसण्याचा वेग, सुटण्याची मर्यादा, सुटण्याचा दर, लाटांचा जोर, वरून येणारा गाळ, एवढे आकडे हातात असले की दोन-तीन वेगळ्या जोडण्यांनी आजचा तळ जुळतो. पुढच्या वीस वर्षांत त्या जोडण्या वेगवेगळ्या वाटांनी जातात. म्हणून जो प्रामाणिकपणे काम करतो तो एक उत्तर देत नाही. मॉडेल पुष्कळ वेळा चालवतो आणि इथपासून इथपर्यंत असं सांगतो. त्यात आणखी एक अडचण. वीस वर्षं सेकंदासेकंदानं चालवायला वेळ पुरत नाही. म्हणून एका भरती-ओहोटीत तळ जेवढा बदलला त्याला, समजा, पन्नासनं गुणतात आणि सव्वीस दिवस गेले असं धरतात. तळ सावकाश बदलतो तोवर हे चालतं. मोठा पूर आला की चालत नाही, तिथं गुणाकार थांबवावा लागतो.

मामा : एवढं सगळं वजा केल्यावर उरतं काय?

भाची : आकार उरतो. चिखलपट्टीवर भरती-ओहोटीच्या प्रवाहाचा जोर जास्त असेल तर पट्टी फुगीर होत जाते, चढत जाते. लाटांचा जोर जास्त झाला की ती मधे खोलगट होते, धुपते. जगात ठिकठिकाणी मोजून हे दिसलंय आणि कागदावरच्या साध्या गणितातूनही निघतं. फुगीर पट्टी खोलगट व्हायला लागली तर समजायचं, गाळाचा पुरवठा तुटला किंवा लाटा वाढल्या. तसंच कोकणातल्या खाजणांचं. खाडीकाठची जमीन बांध घालून भाताला आणली. १९४८ साली खारजमिनींचा कायदासुद्धा झाला. बांध पडला की भरतीचं जे पाणी त्या जमिनीवर पसरायचं ते थांबतं. खाडीत आत-बाहेर करणारं पाणी घटतं, त्याबरोबर ओहोटीचा जोर घटतो, आणि बांधाबाहेरची खाडी उथळ होत जाते. किती वर्षांत किती, यावर दोन मॉडेलं भांडतील. उथळ होईल, यावर भांडणार नाहीत.

मामा : ते तिकडं. इथं भरती कुठली आली?

भाची : वर्षाला एक आहे की. ऑगस्ट-सप्टेंबरात चढते, मे-जूनला तळ गाठते. खाडीतली पट्टी काही तास उघडी राहते, तुमची काही महिने. वेगळं एवढंच की समुद्राची भरती चंद्रावर असते, ती कधी चुकत नाही. तुमची भरती नाशिकच्या पावसावर आणि वरच्या धरणांच्या दारांवर.

मामा : म्हणजे माणसांवर. दारणा आहे, नाशिकचं गंगापूर धरण आहे, प्रवरेवर भंडारदरा १९२६ पासून उभं आहे, खाली निळवंडे झालं, मुळेवर मुळा आहे. जाड गाळ तिथंच अडतो. वाळू नदीतून उपसली जाते ती वेगळीच. रात्री किती ट्रॅक्टर भरले ते कुठल्या चौकोनात लिहिणार? नांदूर मधमेश्वरचा बंधारा बघ. इंग्रजांच्या वेळचा, गोदावरी-कादवेच्या संगमावरचा. गाळानं उथळ झाला, बेटं झाली, पक्षी आले, २०२० ला रामसर स्थळ म्हणून मान मिळाला. आपल्या तालुक्याला जलद कालव्याचं पाणी तिथूनच सुटतं. कुणी मॉडेल केलं नाही म्हणून गाळ यायचा थांबला का? आणि केलं असतं तर थांबला असता का?

भाची : थांबला नसता. कुठं बेट होणार हे मात्र कळलं असतं. बरं, मला एक सांगा. तुमच्या पट्टीत सगळ्यात मोठा फरक कधी पडला?

मामा : २०१९ ला. त्या उन्हाळ्यात जायकवाडी पार मृतसाठ्यात गेलं होतं. इथं नुसता फुफाटा. मग ऑगस्टात नाशिकला धो-धो पाऊस झाला आणि पूर आला. आपल्याकडं आभाळ कोरडं, आणि नदी दुथडी भरून चाललेली. त्या पुरानं आमच्या पट्टीतून अशी घळ पाडली की बांध कुठला नि शेत कुठलं कळेना. पाणी सरकल्यावर बघतो तर वरचा पोयटा गेलेला.

भाची : मॉडेलही हेच सांगेल. पूर येतो तेव्हा धरण भरलेलं असलं तर पाणी कायगावच्या आसपासच मंदावतं आणि गाळ इथं टाकतं. धरण रिकामं असलं तर तेच पाणी उतारानं पळतं, जुना गाळ कापतं आणि खाली पैठणच्या अंगाला नेऊन टाकतं. पूर मोठा की लहान एवढ्यावर तुमच्या पट्टीचं ठरत नाही. पूर आला त्या दिवशी धरणाची पातळी काय होती, हे बघावं लागतं.

मामा : हे मला तुझ्या मॉडेलाशिवाय माहीत आहे. उघड्या डोळ्यांनी बघितलंय.

भाची : कापलेलं बघितलं. तो गाळ पुढं कुठं जाऊन बसला, ते बघितलं?

मामा : खाली गेला.

भाची : खाली कुठं, मामा? धरणाच्या तळाला मृतसाठ्यात, की वाटेत उपयुक्त साठ्यात? दोन्हींत फार फरक आहे.

फरक खरंच मोठा आहे, आणि इथे आकडे सांगितल्याशिवाय तो कळणार नाही. जायकवाडीची पायाभरणी १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींनी धरणाचं उद्घाटन केलं. एकूण साठा २,९०९ दशलक्ष घनमीटर (दलघमी). त्यातले ७३८ दलघमी मृतसाठा, २,१७१ दलघमी उपयुक्त. पसारा सुमारे ३५० चौरस किलोमीटर, म्हणजे भरलेल्या धरणाची सरासरी खोली जेमतेम आठ मीटर. एवढ्या पसरट, उथळ धरणात तळ हातभर चढला तरी साठ्यात फरक पडतो. धरण आखताना मृतसाठ्याची जागा गाळासाठी सोडायची, ही जुनी रीत. पण नदी धरणात शिरते ती वरच्या टोकाला, आणि गाळाचा बराच वाटा तिथून खाली येता येता उपयुक्त साठ्याच्या जागेतच बसतो. धरणांमागून धरणांत हे दिसून आलं आहे.

मामा : उपयुक्त साठ्याचं म्हणतेस, म्हणजे टक्क्याचंच. पेपरात रोज येतं, नाथसागर इतके टक्के.

भाची : तो टक्का निघतो कसा? पैठणला पाण्याची पातळी वाचतात. मग कोष्टक बघतात, अमुक पातळीला अमुक साठा. ते कोष्टक म्हणजे धरणाच्या तळाचा आकारच आकड्यांत लिहिलेला. तळ बदलला आणि कोष्टक तेच राहिलं, तर पातळी खरी आणि साठा खोटा.

मामा : आणि ६५ टक्क्यांचा नियम त्याच कोष्टकावर. २००५ च्या कायद्यानं समन्यायी वाटप आलं, २०१४ च्या आदेशानं ६५ टक्क्यांची खूण ठरली. १५ ऑक्टोबरला उपयुक्त साठा त्याखाली असेल तर नगर-नाशिकच्या धरणांतून पाणी सोडायचं. पाऊस कमी झाला की त्यावरून कोर्टकचेऱ्या, रास्ता रोको.

भाची : मग समजा, उपयुक्त साठ्यात १०० दलघमी गाळ बसला. खरा आकडा नव्हे, नुसतं धरून चालू. जुन्या कोष्टकानं ६५ टक्के म्हणजे १,४११ दलघमी. कोष्टक तेवढं दाखवेल, प्रत्यक्षात पाणी कमी असेल. किती कमी, ते त्या पातळीच्या खाली गाळ किती आहे त्यावर. तोच १०० दलघमी गाळ मृतसाठ्यात बसला असता तर टक्का जसाच्या तसा खरा राहिला असता. म्हणून गाळ किती आला एवढं विचारून भागत नाही.

मामा : आणि कोष्टक नवं केलं तर? तेव्हा उपयुक्त साठाच २,०७१ धरणार. त्याचे ६५ टक्के १,३४६. म्हणजे वरून मागायचं पाणी आणखी ६५ दलघमीनं कमी. जुनं कोष्टक ठेवलं तर कागदावर पाणी जास्त, नवं केलं तर हक्क कमी. दोन्हीकडून गाळाची तूट आमच्याच खात्यावर. तुझं मॉडेल अचूक झालं तर आम्हाला काय मिळालं?

भाची : हे नियमाचं भांडण आहे, गाळाचं नाही. ६५ टक्के कशाचे धरायचे, मूळ साठ्याचे की उरलेल्या साठ्याचे, हे भांडायला तुमच्या हातात आधी आकडा पाहिजे. तो नसला तर भांडणार कशावर?

मामा : आकडा ज्याच्या हातात, त्याचं भांडण जोरात. आमच्या हातात तो कधी नसतो.

या ठिकाणी मला भाचीचं म्हणणं पटतं, पण मामांची हरकत त्यानं सुटत नाही. कोष्टकाचा प्रश्न गाळाच्या अभ्यासकानं उपस्थित करायचा, त्याचा निर्णय दुसऱ्याच कुणीतरी घ्यायचा आणि त्याचे परिणाम तिसऱ्यानं सोसायचे, अशी ही रचना आहे. मॉडेल कितीही चांगलं झालं तरी ती आपोआप बदलत नाही.

मामा : बरं, तळ मोजतात कसा? एवढं पाणी असताना?

भाची : एक, होडीतून ध्वनी सोडून. पण मऊ चिखलावर ते फसतं. एका कंपनसंख्येचा आवाज चिखलाच्या वरूनच परततो, दुसऱ्या कंपनसंख्येचा आत शिरून परततो, आणि खरा तळ यातला कुठला म्हणायचा यावर वाद. शिवाय उथळ पाण्यात होडी जात नाही, आणि तुमचा फुगवटा सगळा उथळ. दुसरी रीत उपग्रहाची. नाशिकची मेरी, म्हणजे महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था, त्या रीतीनं धरणांच्या गाळाचं सर्वेक्षण करते. पाणी उतरत असताना वेगवेगळ्या तारखांची चित्रं घ्यायची. प्रत्येक चित्रात पाण्याची कड दिसते. त्या दिवशीची पातळी माहीत असते, म्हणजे ती कड हीच त्या उंचीची रेषा. अशा रेषा एकाखाली एक लागल्या की तळाचा आकार मिळतो. आम्ही खाडीतही हेच करतो. पण सगळ्यात खालची कड जिथं थांबली, त्याखालचं काही दिसत नाही. आणि चित्र ठरावीक दिवशीच मिळतं, त्या दिवशी आभाळ असलं तर गेलं.

मामा : पाण्याची कड तर मी रोज बघतो.

भाची : बघता, पण लिहिता का?

मामा : लिहितो की. पाणी हटलं तशी पट्टी धरायची असते. मागं राहिलं की शेजारचा पुढं जातो आणि मग भांडण. म्हणून बाभळीपासून किती पावलांवर पाणी आहे आणि कुठल्या तारखेला, ते वहीत लिहून ठेवतो. पेरणीची तारीख वेगळी, ती वाफशावर. पुष्कळ वर्षांच्या वह्या आहेत.

भाची : मामा, ती गाळाची मोजणी आहे! तारखेवरून पैठणची पातळी मिळेल. पावलांवरून अंतर मिळेल. तुमच्या पट्टीचा दरवर्षीचा उतार त्या वह्यांत आहे. असं कुठल्याच उपग्रहाकडं नाही.

मामा : एवढं सोपं नाही. पूर्वेचा वारा सुटला की पाणी वर सरकतं. वारा पडला की परत जागेवर. पैठणच्या पातळीत त्यातलं काही दिसत नाही.

भाची : बरोबर. इथला उतार हजाराला एक धरला, तर पाणी एक सेंटिमीटर चढलं की कड दहा मीटर सरकते. म्हणून एकेका दिवसाच्या नोंदीवर मी भिस्त ठेवणार नाही. आठवड्याच्या नोंदी मिळून वाऱ्याची चूक बरीचशी धुऊन निघते. मला त्या वह्या द्या.

मामा : नाही.

भाची : का?

मामा : गाळपेर एकसाला पट्ट्यावर असते. दरसाल अर्ज, दरसाल मंजुरी. २०१८ च्या दुष्काळात सरकारनं चाऱ्यासाठी हीच जमीन नाममात्र १ रुपया भाड्यानं द्यायचं ठरवलं, तेव्हा तिची किंमत सगळ्यांना कळली. आता तू नकाशा काढणार. पट्टी नकाशावर आली की कुणीतरी विचारतं, ही कुणाची, इतकी वर्षं कुणाच्या परवानगीनं. दुसरं म्हणजे, तू म्हणालीस पाणी मंदावतं तिथं गाळ टाकतं. म्हणजे वाळू कुठं साठते तेही तुझा नकाशा सांगणार. तो नकाशा आधी कुणाच्या हातात जाईल, हे तुला माहीत नसेल, मला माहीत आहे. आणि गाळ काढायची योजना निघाली तर? पोयटा काढून नेला की आमच्याकडं खाली काय उरतं?

भाची : तुमचं नाव नकाशावर येणार नाही. चौकोन शंभर मीटरचे करते.

मामा : त्या चौकोनात माझी एकट्याचीच पट्टी असेल तर?

भाची : तर ते नावच झालं. खरंय.

मामा : आणि आकडा निघाला तर तो आधी गावात सांगशील?

भाची : मी सांगीन. पण माझं काम ज्याच्यासाठी असतं त्याचा अहवालावर हक्क असतो. गावात आधी सांगायचं वचन मी माझ्या बळावर देऊ शकत नाही. ते लेखी ठरवून घ्यावं लागेल, काम सुरू व्हायच्या आधी.

मामा : मग आधी ते ठरव. तोवर एक करू. २०१९ च्या पुराच्या आधीची वही मी देतो. त्या वहीतली जमीन आता तशी राहिलेलीच नाही, तिचा नकाशा कुणाच्या कामाचा नाही. पुरानंतरची वही माझ्याकडं राहील. तू तुझं मॉडेल त्या आधीच्या तळापासून चालव, पूर सोड, आणि मला सांग की घळ कुठून गेली, बाभळीपासून किती पावलांवर, आणि किती पोयटा गेला. तू सांगितल्यावर मी वही उघडतो. त्याआधी नाही.

भाची : म्हणजे जुळवायला काही मिळणार नाही.

मामा : काही नाही.

भाची : चालेल. पुराचं पाणी कुठल्या दिवशी किती आलं ते मला नांदूर मधमेश्वरच्या विसर्गावरून आणि प्रवरेच्या नोंदींवरून मिळवावं लागेल. बाभूळ अजून आहे ना?

मामा : आहे. वाकलीय, पण आहे.

भाची : आणि भेगाळलेल्या चिखलाचा नमुना लागेल. तो आकडा माझ्याकडं नाही हे मघाशी सांगितलंच. ताजा, वाफशावरचा आणि सुकलेला, तिन्ही एकाच मातीचे, एकाच पट्टीतले.

मामा : मग एप्रिलमध्ये ये. कडेला ताजा मिळेल, त्याच्या वर वाफशाचा आणि बाभळीजवळ सुकलेला. कुदळ माझ्याकडं आहे, डबे तू आण. झाकणाचे आण, नाहीतर पुण्याला जाईस्तोवर तिन्ही सारखेच सुकतील.